मेहमेद मुयेझिनोविच: खत्तात की शिलालेख वाचणारा?

प्रश्न असा होता: बोस्नियाचे मेहमेद मुयेझिनोविच (१९१३–१९८१) यांची ओळख कुठे ‘खत्तात’, म्हणजे अरबी लिपीचा सुलेखनकार, अशी दिली जाते आणि कुठे शिलालेखतज्ज्ञ अशी. खरी कोणती? आणि त्यांचा संग्रह हाताशी धरून बोस्नियातला एखादा लेख स्वतः वाचायचा असेल तर काय काय माहीत असायला हवं?

दोन्ही खऱ्या आहेत. पण दोन वेगळे छंद असलेला माणूस अशी कल्पना केली तर गाडी चुकते. त्यांचं वाचन त्यांच्या लिहित्या हातावर उभं होतं. दगडावरचं अक्षर आधी कागदावर बोरूने लिहिलेलं असतं, छिन्नी नंतर येते. दगड झिजल्यावर अर्धं उरलेलं वळण बोरूच्या कोणत्या फेऱ्यातून आलं असेल, हे ज्याने तो फेरा हजारदा गिरवलाय त्याला लगेच दिसतं. नुसत्या शब्दकोशाच्या भरवशावर वाचणारा तिथे अडखळतो.

मुयेझिनोविच सारायेव्होत जन्मले तेव्हा बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात होता. ते मोठे झाले युगोस्लाव्हियात. १४६३ पासून १८७८ पर्यंतच्या ओस्मानी (ऑटोमन तुर्कांच्या) अमलात मशिदी, मदरसे, पूल, कारंजी, कबरी यांवर अरबी, तुर्की आणि क्वचित फारसी भाषेत लेख कोरले गेले होते. खुद्द तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडली आणि लॅटिन घेतली. म्हणजे लेख जागेवर होते, पण ते वाचणारी पिढी दोन्हीकडून आटत होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुयेझिनोविच यांनी बोस्नियातल्या सोळाव्या शतकातल्या तुर्की लेखांवर लिहायला घेतलं. त्या कामाचं मोठं रूप म्हणजे ‘इस्लाम्स्का एपिग्राफिका बोस्ने इ हेर्त्सेगोविने’ हा तीन खंडांचा संग्रह: पहिला खंड सारायेव्होचा, १९७४ चा, दुसरा पूर्व आणि मध्य बोस्नियाचा, १९७७ चा, तिसरा क्रायिना, पश्चिम बोस्निया आणि हर्झेगोव्हिनाचा, १९८२ चा, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आलेला.

आता हात कसा घडतो ते, कारण वाचनाच्या सगळ्या किल्ल्या तिथेच आहेत.

ओस्मानी पद्धतीत शिकवणीची सुरुवात एका छोट्या प्रार्थनेने होते: ‘रब्बी यस्सिर व ला तुअस्सिर, रब्बी तम्मिम बिल्खैर’, म्हणजे देवा, सोपं कर, अवघड करू नको, शेवट चांगला कर. गुरू ती ओळ लिहून देतो, शिष्य तीच आठवडेच्या आठवडे गिरवतो. मग सुटी अक्षरं, मग अक्षरांच्या जोड्या, मग वाक्यं. गुरू शिष्याच्याच कागदावर चुकलेल्या अक्षराखाली बरोबर अक्षर काढून दाखवतो. याला ‘मश्क’ म्हणतात. आपल्याकडे यालाच कित्ता गिरवणं म्हणतात. गंमत म्हणजे ‘कित्ता’ हा शब्दही मूळचा अरबीच. ओस्मानी सुलेखनात एका आडव्या पानावरच्या नमुना-लेखाला आजही ‘कित’आ’ म्हणतात. काही वर्षांनी शिष्य एखाद्या उस्तादाच्या कित’आची हुबेहूब नक्कल करतो, तिच्याखाली गुरू इजाजत लिहून देतो, आणि त्या दिवसापासून शिष्याला आपल्या लेखनाखाली ‘कतबहु’, म्हणजे ‘हे अमुकाने लिहिलं’, अशी सही करता येते. त्याआधी सही करणं हा उद्धटपणा समजला जातो. पण म्हणून लेखावर सही नसेल तर लिहिणारा कच्चा होता असा तर्क करू नका. दगडावर जागेअभावी सही गाळली जाणं अगदी नेहमीचं आहे.

बोरूची छाट तिरपी असते, साधारण ३५ ते ४० अंशांची. हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्टीवर बोरू ठेवून एका दाबात टोक तोडायचं असतं. दोनदा घासलं की कडेला धागे सुटतात आणि शाई पसरते. टोकाची रुंदी हेच सगळ्या लिपीचं माप. त्या टोकाने तिरपा ठिपका काढला की झाला ‘नुक्ता’, आणि अक्षरांच्या उंच्या त्या नुक्त्यांत मोजतात. सुलुस या लेखनशैलीत उभा अलिफ (अरबीतलं पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ) सुमारे ७ नुक्ते, नस्खमध्ये ४ ते ५, आणि तुर्क ज्याला तालीक म्हणतात त्या नस्तालीकमध्ये ३. वहीतल्या सुलुससाठी टोक २–३ मिलिमीटर रुंद, नस्खसाठी १ मिलिमीटरच्या आसपास. दगडासमोर उभं राहिल्यावर हे माप सोन्यासारखं उपयोगी पडतं: एखादा शाबूत नुक्ता मोजा, त्याने अलिफची उंची भागा, लिपी कोणती याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

शाई काजळी, डिंक आणि पाणी यांची. तिचं सगळं यश खलण्यात आहे. कमी खलली की काजळीचे कण तळाला बसतात आणि रेघ मध्येच फिकट पडते. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा ठेवतात, म्हणजे बोरू तळाला आपटत नाही आणि शाई मोजून येते. कागदाला आधी चहासारख्या रंगाने रंगवून वर खळ, किंवा अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी, यांचा थर देतात, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटतात आणि महिनोन् महिने ठेवून देतात. थर ताजा असेल तर बोरू अडकतो आणि शाई तडकून सुटते. नीट मुरलेल्या कागदावर शाई आत शिरत नाही, वर बसते, त्यामुळे चूक ओल्या बोटाने पुसून पुन्हा लिहिता येते. जुन्नरी किंवा दौलताबादी घोटीव कागद हाताळलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

दगडापर्यंतचा प्रवास मात्र वेगळा. मोठ्या अक्षरांना ‘जली’ म्हणतात. ती एक तर रुंद लाकडी कलमाने लिहितात, दोन पेन्सिली एकत्र बांधून दोन्ही कडा एकदम काढतात, किंवा लहान नमुना चौकटी आखून वाढवतात. मग कागदाच्या थप्पीवर अक्षरांच्या कडेने सुईने बारीक भोकं पाडतात. वरचा कागद जपून ठेवायचा, खालचा दगडावर लावायचा, आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. भोकांतून ठिपके उतरतात, ते जोडले की बाह्यरेषा तयार. ओस्मानी लेखांत बहुतेकदा अक्षर उठावाचं असतं: भोवतालची पार्श्वभूमी खोदून काढतात. आता यात कुठे बिघडतं ते पाहा. कोरणारा वाचता येणारा असेलच असं नाही. एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळं करणारे सुटे नुक्ते हे सगळ्यात छोटे उंचवटे. ते आधी निसटतात किंवा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मोस्तारच्या बाजूला ‘तेनेलिया’ नावाचा चुनखडक वापरात होता. खाणीतून ताजा काढलेला तो मऊ असतो, हवेवर कडक होतो. कोरायला सुखाचा, पण सच्छिद्र. शतकांनंतर त्याच्या कडा गोल होतात आणि टोकदार सुलुस अक्षर नस्खसारखं भोळं दिसायला लागतं.

बोस्नियातल्या लेखात लिपी ओळखायला तीन खुणा पुरतात. अक्षरं एकमेकांवर रचलेली, उभ्या दांड्यांच्या डोक्याला बारीक काटा आणि मधल्या जागा स्वरचिन्हांनी भरलेल्या असतील तर सुलुस. ओळीत शिस्तीने बसलेली छोटी अक्षरं म्हणजे नस्ख. साध्या कबरींवर पुष्कळदा हीच. स्वरचिन्हं नाहीत, शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरतात आणि आडव्या रेघा मध्ये फुगतात ती तालीक, विशेषतः अठराव्या शतकापासून पुढे.

सुलुसमध्ये एक सापळा आहे, आणि खत्तात नसलेला वाचक त्यात हमखास सापडतो. नुक्ता नसलेल्या अक्षराखाली तेच अक्षर चिमुकलं करून काढायची पद्धत आहे: मोठ्या ‘ह’खाली छोटा ‘ह’, ‘ऐन’खाली छोटा ‘ऐन’. ते वाचायचं अक्षर नसतं. ‘इथे नुक्ता मुद्दामच नाही’ एवढंच ते सांगतं. शब्द वाचताना ते फार नडत नाही. पण लेखात काव्यमय कालनोंद, म्हणजे अक्षरांच्या किमती मिळवून साल देणारी ओळ, असेल तर छोट्या ‘ऐन’मुळे एकदम ७० वर्षं वाढतात. रचनेचा क्रमही असाच फसवतो: जागा भरण्यासाठी शब्द वरखाली नेलेले असतात आणि वाचन बहुधा खालून वर जातं, पण ‘अल्लाह’ हा शब्द आदराने सगळ्यांच्या वर ठेवतात. त्याला पहिला शब्द समजून सुरुवात केली की वाक्य लागत नाही.

कालनोंदीला बोस्नियात ‘तारीह’ म्हणतात. आपल्याकडे ७८६ हा आकडा सगळ्यांना ओळखीचा आहे. तो ज्या अब्जद हिशेबातून, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेल्या किमतीतून, येतो त्याच हिशेबाची ही गोष्ट. अलिफपासून ये पर्यंत, वर्णमालेच्या नव्हे तर अब्जदच्या क्रमाने, १ ते १०. मग काफ २०, लाम ३०, मीम ४०, नून ५०, सीन ६०, ऐन ७०, फे ८०, साद ९०. मग काफ (कंठ्य) १००, रे २००, शीन ३००, ते ४००, से ५००, खे ६००, जाल ७००, जाद ८००, जोय ९००, गैन १०००. तुर्की आणि फारसीतले जास्तीचे पे, चे, झे, गाफ हे अनुक्रमे बे, जीम, जे, काफ यांच्या किमतीने मोजतात. दख्खनेतले फारसी शिलालेख वाचणाऱ्यालाही हाच तक्ता चालतो.

मोस्तारच्या जुन्या पुलाचं उदाहरण घ्या. त्याचा काळ म्हणून परंपरेने ‘कुद्रत केमेरी’ हे शब्द सांगतात, म्हणजे कुदरतीची कमान. मोजू: कंठ्य काफ १००, दाल ४, रे २००, ते ४००, बेरीज ७०४. पुढे साधा काफ २०, मीम ४०, रे २००, ये १०, बेरीज २७०. एकूण ९७४. हिजरी ९७४ म्हणजे इ. स. १५६६–६७. आता चुकांची गणितं बघा. शेवटचा ‘ये’ झिजला आणि तुम्ही ‘केमेर’ वाचलंत तर ९६४, दहा वर्षांची चूक. ‘कुद्रत’मधला ‘ते’ लांब न लिहिता अरबी पद्धतीने गोल लिहिला आहे असं मानून त्याला ‘हे’ची किंमत ५ दिलीत तर ५७९ येतात, म्हणजे ओस्मानी बोस्नियात यायच्या कितीतरी आधीचा काळ. पहिली चूक जास्त धोक्याची, कारण ती शक्य कोटीतली वाटते आणि कोणी तपासत नाही.

हिशेबाचे आणखी काही संकेत. अक्षरावर शद्दा (द्वित्ताची खूण) असला तरी ते एकदाच मोजायचं. लिहिलेलं नसलेलं, नुसतं उच्चारात येणारं दीर्घ ‘आ’ सोडून द्यायचं. म्हणूनच ‘अल्लाह’ची किंमत ६६ धरतात. गोल ‘ते’ बहुतेक वेळा ५, पण काही कवींनी ४०० धरलेला आहे. दोन्ही करून पाहावं. मोजायची फक्त शेवटची अर्धी ओळ, किंवा ‘तारीह’ या शब्दानंतरचा भाग. सुरुवातीपासून सगळी कविता मोजत बसणाऱ्याला काहीच मिळत नाही. काही कवी फक्त नुक्त्यांची अक्षरं मोजायला लावतात, काही फक्त बिननुक्त्यांची, आणि तशी सूचना ओळीत एखाद्या शब्दाने देतात. नुक्ते झिजलेल्या दगडावर हा प्रकार आला तर दगडासमोर तास घालवण्यापेक्षा जुना फोटो शोधणं शहाणपणाचं. आणखी एक खोडी म्हणजे ‘तामिया’: बेरीज एखाद-दोनने कमी किंवा जास्त भरते, आणि आधीच्या ओळीत कवी ‘एक बाहेर आला’ अशा अर्थाचं काही म्हणून वजाबाकी सुचवतो. बेरीज जुळत नाही म्हणून कवीला नावं ठेवण्याआधी वरची ओळ पुन्हा वाचा.

कवितेखाली पुष्कळदा आकडाही कोरलेला असतो, ‘सने’ या शब्दापुढे. तो पडताळा म्हणून वापरा, पण आंधळेपणाने नको. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि सच्छिद्र दगडात खड्डे भरपूर. २ आणि ३ मध्ये एका दात्याचा फरक. हिजरी साल इसवीत नेताना ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की अंदाज येतो. महिना लिहिलेला नसेल तर नेहमी दोन इसवी सालं लिहा, एक नव्हे. सोळाव्या शतकातली इमारत १५६६ ची असं ठामपणे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रत्यक्षात एवढंच ठरवलेलं असतं की ती १५६६–६७ ची आहे.

कबरींचं वेगळं. बोस्नियात कबरीच्या उभ्या दगडाला ‘निशान’ म्हणतात. पुरुषाच्या दगडाला वर पगडी किंवा फेझ टोपी कोरलेली असते, तिच्या आकारावरून दर्जा आणि पेशा कळतो. मजकुराचा साचा ठरलेला: वर ‘हुवल्बाकी’ (तोच एक उरणारा), मग मृताचं नाव आणि वडिलांचं नाव, शेवटी ‘अल्फातिहा’. साचा पाठ असेल तर झिजलेला निम्मा मजकूर आपोआप भरून निघतो. हीच सोय आणि हाच धोका. अपेक्षित शब्द दगडावर ‘दिसायला’ लागतात. म्हणून आधी फक्त दिसतं तेवढं लिहा, भरून काढलेलं कंसात, आणि अंदाजाची अक्षरं खुणेने वेगळी.

जागेवरचं काम: सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना फोटो. दुपारच्या उन्हात उठावाचं अक्षर सपाट दिसतं. सावलीत असेल तर बाजूने विजेरी धरा, दगडाशी १०–१५ अंशांवर, आणि चारही बाजूंनी एकेक फोटो. एकाच बाजूचा प्रकाश त्याच दिशेच्या रेघा गिळतो. ठसा घ्यायचा असेल तर ओला मऊ कागद ब्रशने ठोकून बसवतात, पण दगडावर रंग किंवा सोनं उरलं असेल तर पाणी अजिबात लावू नका. अक्षरांत खडू किंवा पीठ भरणं ही जुनी वाईट सवय. पीठ ओल धरतं आणि दगडफूल माजतं. दगडफूल खरवडून काढायचं नाही, त्याखालची कातडी त्याच्याबरोबर येते.

हे सगळं माहीत असलं की मुयेझिनोविच यांचा संग्रह कसा वापरायचा ते कळतं. तो निकालपत्र म्हणून न वापरता साक्षीदार म्हणून वापरा: लेख कुठे होता, मूळ मजकूर काय, भाषांतर काय, आधीच्या वाचकांशी कुठे मतभेद. त्यांची साक्ष अनेकदा शेवटची असते. १७ मे १९९२ रोजी सारायेव्होतली ओरिएंटल इन्स्टिट्यूट जाळली गेली, त्यात ५,२६३ हस्तलिखितं गेली. फोचातली सोळाव्या शतकाच्या मध्यातली अलाजा मशीद १९९२ मध्ये उडवली गेली. बान्या लुकातली १५७९ ची फरहादिया ७ मे १९९३ ला, आणि मोस्तारचा पूल त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला पडला. पूल २००४ मध्ये, फरहादिया २०१६ मध्ये, अलाजा २०१९ मध्ये पुन्हा उभी राहिली. पण नव्याने कोरलेलं अक्षर हा पुरावा नव्हे, ती प्रत आहे. नव्या दगडावरून लिपीचा काळ किंवा जुन्या कोरक्याची सवय ठरवायला जाऊ नका. वाचायचं ते १९९२ पूर्वीच्या फोटोवरून आणि संग्रहातल्या पाठावरून.

दोन्हींत फरक आढळला तर? आधी फोटो मोठा करून नुक्ते बघा. मग अब्जदची बेरीज दोन्ही पाठांची करा. ज्या पाठाने बेरीज, कोरलेला आकडा आणि इमारतीचा इतर कागदोपत्री काळ हे तिन्ही जुळतात तो धरा, दुसरा तळटीपेत ठेवा, पुसू नका. आणि ढिगाऱ्यातून मिळालेला तीन-चार अक्षरांचा तुकडा कुठल्या लेखाचा हे ठरवायचं असेल तर अर्थाच्या मागे लागण्याआधी नुक्ता मोजा. संग्रहातल्या पाठात ती तीन अक्षरं दहा ठिकाणी सापडतील. मात्र नुक्त्याची रुंदी आणि अलिफची उंची दोन्ही जुळणारे लेख बहुधा एक-दोनच उरतील.